फोटो कशाचा आणि उजेड कुठला: नवीन फोटो काढणाऱ्यांसाठी

परवा भाची सुट्टीला आली होती, तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला नि म्हणाली, "मामा, रंकाळा तलावाचे एकशे चाळीस फोटो काढलेत, एक पण मनासारखा नाही. मोबाईल बदलायला पायजे काय?" मी निवांत बसून सगळे बघितले. मोबाईल चांगला होता. फोकस बरोबर, हात हललेला नाही, रंग पण छान. पण प्रत्येक फोटोत थोडं पाणी, थोडं आभाळ, भेळेची गाडी, कठडा, दोन मैत्रिणी आणि लांब शालिनी पॅलेस, असं सगळंच एकदम. विचारलं, हा फोटो कशाचा गं? म्हणाली रंकाळ्याचा. रंकाळ्यातल्या कशाचा? तिथं ती अडकली.

हे तिच्यासाठी लिहायला घेतलं, आणि तिच्यासारखं ज्यांनी नुकतं सुरू केलंय त्या सगळ्यांसाठी. मी गेली पंधरा-सोळा वर्षं सुट्टीच्या दिवशी कोल्हापूर नि आसपास फोटो काढत फिरतोय, आधी साध्या मोबाईलवर, मग सेकंडहँड डीएसएलआर घेतला, आता दोन्ही वापरतो. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय, बटण दाबायच्या आधी दोन प्रश्नांची उत्तरं पाहिजेत: फोटो कशाचा आहे आणि उजेड कुठनं येतोय. लेन्स, सेटिंग, एडिटिंग हे सगळं त्यांच्या मागनं येतं.

आधी दोन मिनिटांची तयारी

लेन्स पुसा. खरंच, दर वेळी. मोबाईल दिवसभर खिशात, हातात, गाडीच्या डिकीत असतो, बोटाचं तेल काचेवर बसतं आणि मग रात्री महाद्वार रोडवर फोटो काढला की प्रत्येक दिव्याला लांब रेघा नि धुरकट झालर दिसते. चष्मा पुसायचं कापड किंवा धुतलेला सुती रुमाल पुरे. मग कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू करा, म्हणजे स्क्रीनवर उभ्या-आडव्या रेघा येतात, त्यावर रंकाळ्याचं पाणी आडवं आहे का कलतंय ते लगेच कळतं. फ्लॅश बंद ठेवा, मोबाईलचा फ्लॅश चार-पाच हातांपलीकडं धड पोचत नाही आणि जवळच्या माणसाचा चेहरा पांढराफटक करतो. तयारी झाली.

फोटो कशाचा, ते एका वाक्यात बोला

मनातल्या मनात बोला, लाज वाटायचं कारण नाही. गंगावेशीत संध्याकाळी दूध कट्ट्यावर उभे आहात असं धरा. म्हशी बांधलेल्या, धार काढणारे, ग्लास घेऊन थांबलेली माणसं, मागं दुकानं, गाड्यांचे हॉर्न. "दूध कट्ट्याचा फोटो" असं म्हणाल तर हे सगळं फ्रेममध्ये घ्याल आणि बघणाऱ्याला नजर कुठं ठेवायची तेच कळणार नाही. त्याच्याऐवजी "ग्लासाच्या काठावर चढलेला फेस" असं म्हणा. किंवा "पहिल्यांदा धारोष्ण दूध पिणाऱ्या बारक्या पोराच्या ओठावरची पांढरी मिशी". वाक्य बोललात की पाय आपोआप पुढं जातात, आपण खाली बसतो, गाड्या नि दुकानं फ्रेमच्या बाहेर जातात. आख्खा कट्टा दाखवायचाच असेल तर तो पण दाखवा, फक्त ते वेगळं वाक्य आणि वेगळा फोटो, त्यासाठी समोरच्या पायरीवर चढून उंचावरनं काढायला लागेल.

झूम शक्यतो नको. मोबाईलवर दोन बोटांनी चिमटा काढून झूम करतो तेव्हा बहुतेक वेळा कॅमेरा तोच फोटो कापून मोठा करत असतो, नवीन काही दिसत नाही, फक्त बारकावे जातात. चालत जवळ जा. माणसाच्या चेहऱ्याला मात्र हे उलटं लागू होतं, तिथं अगदी नाकासमोर मोबाईल नेला की नाक मोठं नि कान बारके दिसतात, म्हणून दोन पावलं मागं सरकायचं आणि मोबाईलला वेगळी २ एक्सची लेन्स असेल तर ती वापरायची. तसंच लग्नातल्या ग्रुप फोटोला ०.५ एक्स, म्हणजे जास्त रुंद दाखवणारी लेन्स लावली की कडेची मावशी ताणल्यासारखी रुंद येते, ती नाराज होते आणि तिची चूक काहीच नसते. सगळ्यांना मधे घ्या, जागा नसेल तर दोन रांगा करा.

उजेड कुठनं येतोय

यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण नवीन माणूस इथंच कमी लक्ष देतो.

लहानपणी आम्हाला एकच सांगितलेलं, सूर्य पाठीमागं ठेवून फोटो काढायचा. मी पण कित्येक वर्षं तेच केलं. मग एकदा जानेवारीत कागलकडच्या एका गुऱ्हाळावर गेलो. सकाळचे आठ वाजलेले, आत चुलवाण पेटलेलं, काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, उसाचा रस खदखदत होता आणि वाफ एवढी की पलीकडचा माणूस दिसत नव्हता. शेडला एका बाजूला मोठं दार, तिथनं तिरकं ऊन आत आलेलं. मी शिकवल्याप्रमाणं दाराकडं पाठ करून उभा राहिलो आणि फोटो काढत सुटलो. सगळ्या फोटोत वाफेचा एक सपाट पांढरट ढग, आणि त्यात गूळ करणारा माणूस, म्हणजे गुळव्या, पाण्यात धुऊन काढल्यासारखा फिका. मी स्क्रीनकडं बघत बसलोय हे बघून तो गुळव्याच म्हणाला, "तिकडनं काय दिसणार, हिकडनं या. रस झालाय का न्हाई, हे हिकडनंच कळतंय." तो स्वतः दाराकडं तोंड करून उभा होता. हातातला लांब दांडा वर उचलायचा, त्यावरनं ओघळणारी रसाची तार उजेडासमोर धरायचा आणि तिच्याकडं बघून काहील उतरवायची का अजून थांबायचं ते ठरवायचा. मी पलीकडं त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. तीच वाफ, तीच काहील, पण आता प्रत्येक लोट वेगळा दिसत होता, कडा सोनेरी, आणि रसाची तार पेटलेल्या काडीसारखी लाल. दार मी फ्रेमच्या बाहेर ठेवलं, अगदी कडेला, म्हणजे वाफेच्या मागं काळपट भिंत आली. तो फोटो आजही आमच्या सोप्यात लावलाय.

त्या दिवसानंतर मी उजेडाच्या तीन दिशा पाठ केल्या, तुम्ही पण करा. उजेड विषयाच्या मागनं, म्हणजे कॅमेऱ्याच्या समोरनं आला की वाफ, धूळ, धूर, पाऊस, केस असल्या विरळ गोष्टी चमकतात, कारण बारीक कण उजेड जास्त करून पुढच्या दिशेलाच उधळतात, फक्त त्यांच्यामागं काहीतरी गडद पाहिजे. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलाल उधळतात तेव्हा उन्हाकडं तोंड करून उभं राहा, गुलालाचा कण नि कण दिसेल, उन्हाकडं पाठ केलीत तर नुसता गुलाबी धुरळा. उजेड बाजूनं आला की खडबडीतपणा दिसतो, अंबाबाईच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम, कोल्हापुरी चपलेवरची वेणी, म्हातारीच्या हातावरच्या शिरा. आणि उजेड आपल्या पाठीमागनं थेट विषयावर पडला की रंग भडक नि स्पष्ट येतात पण सगळं सपाट, त्याचा उपयोग भाजी मंडईत होतो, माणसाच्या चेहऱ्याला कमी.

घरात ह्याचा सराव लगेच करता येतो. आज्जीला दारापाशी बसवा, ती लसूण सोलतेय, शेंगा फोडतेय, करू दे तिचं काम. ट्यूबलाईट बंद. ती दारापासनं एक हातावर असताना एक फोटो, चार हात आत असताना एक फोटो. जवळच्या फोटोत चेहऱ्याची एक बाजू उजळ नि दुसरी एकदम गडद येईल, आतल्या फोटोत फरक कमी पण उजेडच कमी. दारापासनं लांब जाल तसा उजेड फार झटकन कमी होतो, दोन हातांचा फरक पण फोटोत कळतो. गडद बाजू फारच काळी वाटली तर त्या बाजूला पांढरी चादर किंवा थर्माकोलचा तुकडा धरा, उजेड उलटून चेहऱ्यावर येतो. ह्या गावात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी देशी कॅमेरा तयार करून महाराष्ट्र फिल्म कंपनी चालवली, मूळचे ते चित्रकार. त्या मूकपटांच्या जमान्यात बरंचसं शूटिंग दिवसाच्या उजेडावर, असाच उजेड परतवून व्हायचं. आपल्याकडं निदान चादर तरी आहेच.

दुपारी बारा ते तीन काय करायचं? वरनं पडलेल्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, चेहरा थकलेला दिसतो. सावलीत जा, पण सावलीच्या कडेला. भवानी मंडपाच्या कमानीखाली माणूस उभा केला, तोंड बाहेरच्या उजेडाकडं, की भर दुपारी पण सुंदर मऊ उजेड मिळतो.

वेळ ठरवून जा

सूर्य रोज एका जागी मावळत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं पण फोटो काढताना कुणी वापरत नाही. आपल्या अंबाबाईचा किरणोत्सव हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. देऊळ पश्चिमाभिमुख, मावळतीची किरणं महाद्वारातनं थेट गाभाऱ्यात जातात, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर, आधी चरणांवर, मग दर दिवशी वर चढत मुखापर्यंत. हेच दिवस का? २२ डिसेंबरच्या आसपास सूर्य दक्षिणेला सगळ्यात लांब गेलेला असतो, त्याच्या साधारण ४१ दिवस आधी नि ४१ दिवस नंतर तो जवळपास एकाच जागी मावळतो, म्हणून वर्षातनं दोनदा. ज्यांनी ही दिशा धरून देऊळ बांधलं त्यांना उजेड किती बारकाईनं कळत असेल ह्याचा मी दर वर्षी विचार करतो. गाभाऱ्यात अर्थातच फोटो काढायचा नाही, तिथं हात जोडायचे.

आपल्या कामाचं यातलं काय, तर रंकाळ्याच्या चौपाटीवरनं मावळतीचा फोटो काढायचा असेल तर जूनमध्ये सूर्य उजवीकडं म्हणजे उत्तरेला सरकलेला असतो आणि डिसेंबरमध्ये डावीकडं, मधला फरक चांगला मोठा आहे. त्यामुळं शालिनी पॅलेसच्या मनोऱ्याजवळ सूर्य पाहिजे असेल तर कोणत्या महिन्यात कुठं उभं राहायचं हे दोन-तीन फेऱ्या मारून बघून ठेवा. वेळ पण बदलते, नोव्हेंबरच्या शेवटी सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, जूनच्या शेवटी सात दहाच्या आसपास. अर्धा तास आधी पोचा आणि सूर्य बुडाल्यावर लगेच गाडीला किक मारू नका, पुढची वीस मिनिटं आभाळ निळं-जांभळं राहतं, चौपाटीवरचे दिवे लागतात, दोन्ही उजेड सारख्या जोराचे होतात. माझे रंकाळ्याचे चांगले फोटो बहुतेक ह्या वीस मिनिटांतलेच आहेत.

मागं काय आहे ते बघा

विषयाकडं बघून झालं की नजर फ्रेमच्या चारी कडांवरनं फिरवा. कोल्हापुरात सगळ्यात मोठा त्रास फ्लेक्सचा. वाढदिवसाच्या शुभेच्छा प्रत्येक चौकात. भारी फेटा बांधलेला आजोबा, मागं फ्लेक्सवर कुणाचा तरी हसरा चेहरा, बघणाऱ्याची नजर तिकडंच जाणार. उपाय सोपे आहेत: दोन पावलं डावीकडं, दोन उजवीकडं, नाही जमलं तर गुडघ्यावर बसा म्हणजे मागं आभाळ येतं, तेही नाही जमलं तर पायरीवर चढून वरनं काढा म्हणजे मागं जमीन येते. डोक्यातनं खांब उगवलेला दिसत असेल तर अर्धं पाऊल पण पुरतं.

पन्हाळ्यावर नेमकं उलटं होतं, तिथं मागं सगळं सुंदर असतं आणि पुढं काहीच नसतं. सज्जा कोठीवरनं दरीचा फोटो काढला की डोळ्याला जेवढं मोठं वाटलं त्याच्या दहावा हिस्सा पण येत नाही. पुढं काहीतरी जवळचं घ्या, कमानीची कड, कठड्यावर बसलेलं पोर, मक्याचं कणीस हातात धरलेली मैत्रीण, मग लांबचं लांब वाटायला लागतं.

कॅमेरा फसतो कुठं

ऑटोमध्ये कॅमेरा सगळं जग मध्यम करडं आहे असं धरून चालतो. काळी म्हैस फ्रेमभर घेतली की त्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो, म्हैस राखाडी नि दूध जळाल्यासारखं पांढरं. पांढराशुभ्र फेटा किंवा पावसाळ्यातलं पन्हाळ्याचं धुकं घेतलं की उलट, सगळं मळकट. मोबाईलवर विषयावर बोट ठेवा, दाबून धरा, फोकस नि उजेड लॉक होतो, मग शेजारी जी छोटी सूर्याची खूण येते ती खाली ओढा म्हैशीसाठी, वर ओढा धुक्यासाठी. शंका आली तर थोडा गडदच ठेवा, गडद भाग नंतर उजळता येतो, पूर्ण पांढरा झालेला भाग परत येत नाही.

ज्यांच्याकडं कॅमेरा आहे त्यांच्यासाठी तालमीतलं उदाहरण देतो कारण तिथं तिन्ही आकडे एकदम समजतात. आखाड्यात उजेड कमी, खिडक्या लहान, पैलवान वेगानं हलतोय. ५० एमएम लेन्स, अपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं) एफ १.८, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) ४००, शटर (किती वेळ उघडं) १/१२५ सेकंद, उजेड बरोबर आला पण डाव टाकताना हात पुसट. हात थांबवायला शटर १/५०० पाहिजे, म्हणजे उजेड चौथाई झाला, तो भरून काढायला आयएसओ चौपट, १६००. फोटोत थोडे दाणे येतील, येऊ देत. दाणेदार पण नेमक्या क्षणाचा फोटो मला गुळगुळीत पण पुसट फोटोपेक्षा कधीही चालतो. आणि तांबडी माती अंगावरनं उडते ना, तिला पण गुऱ्हाळाच्या वाफेचाच नियम, खिडकी समोर पण फ्रेमच्या जरा बाहेर ठेवा, मातीच्या मागं गडद भिंत.

रात्रीच्या कुस्त्यांना, खासबागसारख्या मैदानात किंवा गावच्या जत्रेत, काही दिव्यांखाली फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, डोळ्याला कळत नाही पण वेगवान शटर ते पकडतं. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, पट्टे जातात. मग पळापळीचा डाव सोडा आणि पकड घट्ट बसून दोघं क्षणभर थांबलेले असतात तेव्हा बटण दाबा, ताकद त्याच क्षणात जास्त दिसते.

माणसांचे फोटो

विचारा. चपला शिवणारे काका असोत नाहीतर घाटावर धुणं धुणाऱ्या ताई, आधी दोन शब्द बोला, कॅमेरा दाखवा, "काढू का एक फोटो?" एवढंच. नाही म्हणाले तर नमस्कार करून पुढं व्हा. लहान पोरांचा फोटो आई-बापाला विचारल्याशिवाय नको. हो म्हणाले की पहिले दोन-चार फोटो ताठ येतात, माणूस फोटोसाठी बसलेला असतो, ते काढून घ्या आणि मग गप्पा मारत थांबा. पाच मिनिटांनी तो आपल्या कामाला लागतो, चामड्यावर हात फिरतो, दोरा दातात धरतो, तेव्हा खरा फोटो असतो. पुराच्या दिवसांत पंचगंगेचं पाणी वाढलं की फोटोला गर्दी होते, तिथं माझं म्हणणं स्पष्ट आहे, ज्याच्या घरात पाणी शिरलंय त्याच्यापुढं मोबाईल धरण्याआधी त्याचं सामान उचलायला हात लावा, आणि पाण्याच्या काठाला फोटोसाठी जाऊच नका.

घरी आल्यावर

त्याच दिवशी निवड करू नका, त्या दिवशी सगळेच फोटो आवडतात. एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येक फोटोला तोच प्रश्न, हा कशाचा? उत्तर एका वाक्यात आलं तर ठेवा. एकाच गोष्टीचे दहा असतील तर एक ठेवा. भाचीच्या एकशे चाळीसमधनं आम्ही दोघांनी बसून तीन ठेवले, त्यातला एक तिनं चुकून काढलेला, कठड्यावर ठेवलेल्या कोल्हापुरी चपला आणि मागं पाण्यावरचा शेवटचा उजेड. तोच सगळ्यात चांगला होता आणि आता तिला का चांगला ते सांगता येत होतं.

एडिटिंग थोडंच: पाणी सरळ करा, कडेचं नको ते कापा, फार उजळ भाग जरा खाली ओढा. रंग एवढे वाढवू नका की तांबड्या रश्शासारखी माती दिसायला लागेल. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की फोटो दाबला जातो, बारकावे जातात, म्हणून चांगला फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आणि ज्यांचे फोटो काढलेत त्यांच्यासाठी प्रिंट काढा. चार बाय सहाची प्रिंट फार महाग नसते. मी त्या गुळव्याला पुढच्या हंगामात प्रिंट नेऊन दिली, त्यानं हात पुसले, उजेडाकडं धरून बराच वेळ बघितली आणि म्हणाला, "तार बरोबर आलीया." मग आतनं गरम गुळाचा खडा आणून हातावर ठेवला.